बाकीच्यांनी भाईर थांबा

छाया गेल्याची बातमी मला तिच्या नवऱ्याकडून कळली नाही, भावांकडून नाही, दवाखान्यातूनही नाही. ती मला एका जाहिरातीतून कळली. सकाळी ऑफिसला निघण्याआधी डबे भरत होते, मोबाइल वाजला, आणि कॉलनीच्या गटावर एक रंगीत फलक येऊन पडला. वर पणतीचं चित्र, मध्ये छायाचा काळ्या कोटातला जुना फोटो, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. त्याखाली बारीक अक्षरांत तिचं नाव, आणि तिच्या नावाखाली, ठळक, ज्या चेंबर्समधून ती केव्हाच बाहेर पडली होती त्या चेंबर्सचं नाव, बोधचिन्ह, ‘दिवाणी, फौजदारी, महसूल’ अशी कामांची जंत्री आणि संपर्कासाठी नंबर. मी एका बियाणे कंपनीत हिशेब बघते, मला मोजायची सवय आहे. मेलेल्या बाईच्या वाट्याला एक ओळ होती, चेंबर्सच्या वाट्याला चार. वकिलांना जाहिरात करायला बंदी असते, हे मला छायानंच कधीतरी सांगितलं होतं. श्रद्धांजलीला बंदी नाही…

मी तिच्या नवऱ्याला, प्रकाशरावांना फोन लावला. ते संभाजीनगरच्या दवाखान्यात कागदांवर सह्या करत होते. म्हणाले, “तुम्हाला कोणी सांगितलं? मी तर अजून आईला बी सांगितलं न्हाई.” नंतर कळलं, दवाखान्यात चेंबर्समधल्या कुणाचा तरी नातेवाईक कामाला आहे. तिथून निरोप निघाला आणि घरच्यांच्या आधी फलक तयार झाला. आता काही महिने उलटलेत, तरी त्या फलकाची आठवण आली की मला दुःख व्हायच्या आधी किळस येते. मैत्रिणीच्या मरणाची आठवण अशी किळसेतून यावी, याचा मला राग आहे. या लेखात तो दिसेल. लपवायचा प्रयत्न मी करणार नाही.

छाया आणि मी जालन्यात मुलींच्या वसतिगृहात एका खोलीत होतो. तिचं गाव कुंभार पिंपळगावच्या पलीकडची एक वस्ती. वडील मेंढ्या राखायचे, पुढं थोडी शेती झाली. तिचा आवाज मोठा होता. मेंढरांमागं वाढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, असं ती स्वतःच म्हणायची. मी कॉमर्सकडं गेले, ती कायद्याकडं. मला ती ‘हिशेबनीस’ म्हणायची, आणि रागावली की ‘मंदे’. लग्नं झाली, मुलं झाली, आम्ही दोघी नवीन जालन्यातच राहिलो. दर रविवारी ती आमच्याकडं यायची, स्वयंपाकघरात पाटावर बसायची आणि आठवड्याभराच्या गोष्टी सांगायची. नावं कधीच घ्यायची नाही. “एक बाई हाय,” इथून तिची गोष्ट सुरू व्हायची.

चेंबर्समध्ये ती बरीच वर्षं होती. आधी त्याला सगळे ऑफिसच म्हणायचे. चालवणारे वकील वडिलांपासूनचे, चांगलं नाव असलेले. ते काही आठवड्यांचा कसलासा अभ्यासक्रम करायला इंग्लंडला जाऊन आले आणि आल्यावर दारावरची पाटी बदलली. ऑफिस गेलं, ‘चेंबर्स’ आलं. कोर्टाबाहेरच्या चहावाल्यांनी त्यांचं नाव बॅरिस्टर ठेवलं. ते चिडवण्यासाठी होतं, पण त्यांना तो मान वाटला आणि नाव टिकलं. मीही इथं त्यांना बॅरिस्टरच म्हणते. त्या रविवारी छाया आली ती हसतच आली. “मंदे, आमच्या ऑफिसचं चेंबर झालं. तुमच्या गल्लीतलं तुंबलं तर तुमी नगरपालिकेला फोन करता. आमचं तुंबलं तर कोणाला करायचा?”

तेव्हा ते नुसतं विनोदाला होतं. पुढं चेंबर्सनी ‘समाजसंवाद’ सुरू केला. म्हणजे गावोगावी कायद्याची शिबिरं, शाळांमधून भाषणं, आठ मार्चला बायकांचा सत्कार. छायाला हे मनापासून आवडलं होतं, हे मला नमूद केलं पाहिजे. मोठा आवाज, गावची भाषा, आणि स्वतः त्याच भागातली. तिच्याशिवाय शिबिर होत नसे. देवळाच्या सभामंडपात बाया बसवायच्या आणि सांगायचं, वडिलांच्या जमिनीत लेकीचा हिस्सा लेकाएवढाच असतो. “बाप मरतो, लेकीचा हिस्सा मरत न्हाई,” हे तिचं ठरलेलं वाक्य. बाया पदर तोंडाला लावून ऐकायच्या. पुरुष मंडपाच्या कडेला उभे राहायचे, आणि चेंबर्सची दोन माणसं त्या पुरुषांना कार्डं वाटायची. छायाला वाटायचं, वाटू देत. आपलं काम बोलायचं.

एका शिबिरात एक म्हातारी उठली. तिनं विचारलं, भावांनी आधीच सातबाऱ्यावर स्वतःची नावं लावली असतील तर बहिणीनं काय करायचं? छायानं तिला पुढं बसवून सगळं समजावलं. पुढच्या सोमवारी तीच म्हातारी चेंबर्समध्ये आली. एका बाजूला एक भाऊ, दुसऱ्या बाजूला दुसरा, खाली जीप उभी. हक्कसोडपत्र करायचं होतं, म्हणजे बहिणीनं आपला हिस्सा भावांच्या नावे सोडून द्यायचा कागद. बॅरिस्टरांनी तो कागद छायाकडंच दिला. त्या कागदात एक ठरलेला शब्द असतो, ‘राजीखुशीने’. कुणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने लिहून देते. तो छापून ठेवलेलाच असतो, बाकी नावं तेवढी भरायची. छायानं विचारलं, “मावशी, राजीखुशीनं ना?” म्हातारीनं वर पाहिलं नाही. मान हलवली. छायानं लिहिलं.

“मुंडी हालली अन् मी लिहिलं,” ती त्या रविवारी म्हणाली. चहा समोर गार होत होता. “दोन भाऊ दोन अंगाला बसलेत, तिथं मुंडी हालल न्हाई तर काय व्हईल? अन् मी इचारलं कामून? मला काय उत्तर पाहिजे होतं?”

मग तिनं मागचं आठवून पाहिलं. ज्या गावात शिबिर झालं, त्या गावातून थोड्याच दिवसांत जीप आली होती. एकदा नाही, जवळपास दर वेळी. बहिणीला हक्क आहे हे बहिणीला कळायच्या आधी भावाला कळत होतं, आणि तो हक्क सोडवून घ्यायला कुठं जायचं याचं कार्डही त्याच्याच खिशात होतं. “माझं भाषण बायांनी ऐकलं अन् अंमलबजावणी भावांनी केली,” असं ती म्हणाली तेव्हा हसली नाही.

तिनं बॅरिस्टरांना तोंडावर विचारलं. जे बोलणं झालं ते तिनं मला सांगितलं तसं लिहिते. बॅरिस्टर म्हणाले, छायाताई, शिबिर हे समाजकार्य आहे आणि ऑफिस हा व्यवसाय आहे, दोन्हीची सरमिसळ करू नका. ती म्हणाली, “सरमिसळ मी न्हाई केली साहेब. कार्डं तुमी वाटली.” त्यावर त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की हक्कसोड बेकायदा नाही, आपण नाही केलं तर शेजारचा करील. यात खोटं काहीच नाही. छायालाही ते माहीत होतं. तिनं त्या आठवड्यात चेंबर्स सोडलं. भांडण नाही, वर्तमानपत्रात पत्र नाही. तिला कोणी विचारलं तर सांगायची, “तिथं चेंबर तुंबलं होतं.” बास.

स्टेशनच्या रस्त्याला एका बॅटरीच्या दुकानावर तिनं एक खोली घेतली. टेबल यायच्या आधी तिनं सुतार बोलावला आणि दाराला आतून कडी लावून घेतली. सुतार म्हणाला, “म्याडम, ऑफिसला कुलूप भाईरून लावत्यात.” ती म्हणाली, “माझं काम आतून हाय.” तिचा नियम एकच. बाईचा कागद असेल तर बाई एकटी आत येणार. भाऊ असो, नवरा असो, सासू असो, आई असो. “बाकीच्यांनी भाईर थांबा. चहा मागवते, पन भाईर.” मग कडी. एवढं एकच काम तिनं पुढची सगळी वर्षं केलं, असं म्हटलं तरी चालेल.

लोक चिडायचे. जिन्यात बसलेले भाऊ खालच्या बॅटरीवाल्याला विचारायचे, ही वकिलीण आत काय मंतर मारती? एकानं दाराला कान लावला. छायानं एकदम दार उघडलं, तो आतच पडला, आणि ही म्हणते, “आलाच हायसा तर कान धुऊन या.” एक सासू रडायला लागली की माझी सून मला परकी करती. तिला छायानं स्वतः खाली नेऊन उसाचा रस पाजला आणि परत येऊन कडी लावली. आत काय चालायचं ते मला ठाऊक नाही. मी तिथं पुष्कळदा गेले, पण कोणी बाई आली की मलाही जिना दाखवला जायचा. ती मला एवढंच सांगायची की बहुतेक जणी आत बसूनही सही करतेच म्हणतात. हिस्सा घेतला तर माहेर तुटतं. पंचमीला कोण न्यायला येणार, बाळंतपणाला कुठं जायचं, नवऱ्यानं घराबाहेर काढलं तर कोणाच्या दारात उभं राहायचं? हा हिशेब त्या बायांना चांगला येतो. तशी सही करणाऱ्या बाईला छाया उपदेश करायची नाही. कागद नीट करून द्यायची. तिचं म्हणणं एवढंच होतं की हो म्हणायचं तर एकटीनं म्हण, नाही म्हणायचं तर एकटीनं म्हण. काही जणी जमिनीचं बोलायच्याच नाहीत. दार लागलं की नुसत्या बसून राहायच्या. पंख्याखाली. पाणी प्यायच्या आणि म्हणायच्या, आता उघडा.

या कामाचा फोटो निघत नाही. शिबिराचा निघतो.

गयाबाई, नावानिशी तिनं मला सांगितलेली एकुलती एक बाई, तिच्याकडं आली ती सही होऊन गेल्यावर. वय साठीच्या पुढचं. नवरा वारल्यावर माहेरी परतलेली. वडिलांनी जिवंतपणी तिला शेताच्या बांधाला एक खोली बांधून दिली होती, तिथं ती चार शेळ्या घेऊन राहायची आणि मजुरीला जायची. वडील गेले. धाकटा भाऊ भगवान एक दिवस जीप घेऊन आला आणि म्हणाला, आक्का, बँकेचं काम हाय, चल. हक्कसोडपत्र चेंबर्समध्ये तयार झालं होतं. नोंदणीच्या कचेरीत तिथल्या माणसानं विचारलं, बाई, राजीखुशीने लिहून देता ना? आणि गयाबाई म्हणाली, “राजी हाय. खुशी न्हाई.” तिथले सगळे हसले. कोणी म्हणालं, मावशी लई मजाकी हाय. मग तिचा अंगठा यंत्रावर टेकवला. सहा महिन्यांनी भगवाननं सांगितलं, खोली रिकामी कर, पोती ठेवायचीत.

हे सांगताना छायाला बसवत नव्हतं. ती स्वयंपाकघरात उभीच होती. “मंदे, इतकी वर्सं मी तो शब्द टाईप करून राह्यले. मला कधी दिसलं न्हाई की ते दोन शब्द हायेत. एक बाई सरकारी कचेरीत उभी राहून चक्क सांगती, त्यातला एक हाय अन् एक न्हाई. अन् समदे हसत्यात.” गयाबाईचा दावा तिनं लावला, ते हक्कसोड रद्द व्हावं आणि तिला तिचा हिस्सा, निदान ती राहते ती खोली मिळावी म्हणून. भगवानच्या बाजूनं चेंबर्स उभं राहिलं. तारखा पडत राहिल्या. कोर्टात बॅरिस्टर छायाला वाकून नमस्कार करायचे आणि लोकांना सांगायचे, आमच्याच तालमीत तयार झाली.

तिचा आजार पोटातला होता आणि उशिरा कळला. शेवटचं मी तिला तिच्या घरी भेटले, संभाजीनगरला न्यायच्या आदल्या दिवशी. खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. तो मोठा आवाज पार गेला होता. तिच्या जवळ वाकून ऐकावं लागत होतं. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, तुला एक सांगायचं राहिलं. तिचे वडील गेले तेव्हा तिनंही भावांना हक्कसोड लिहून दिलं होतं. स्वतःच्या हातानं टाईप करून. मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, तू? वकील असून?

“तवा काय वाटलंच न्हाई बघ,” ती म्हणाली. “भाऊ चांगले हायेत माझे. पंचमीला अजून येत्यात. मी राजी होते… दुसऱ्या शब्दाचं कोणी इचारलं न्हाई, अन् मी बी मला इचारलं न्हाई.” मग म्हणाली, “गयाबाईला तुझा नंबर दिलाय. मी न्हाई आले तर तिला वकील पाहून दे. चांगला पाहा. पन मंदे, तू मदे बोलू नको. तू लई बोलतीस.”

मी हसले. ती नाही.

तेराव्यानंतर चेंबर्सनी शोकसभा ठेवली. हॉलमध्ये, माईक लावून. प्रकाशरावांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. ते कोणाला नाही म्हणू शकत नाहीत, शिक्षक माणूस. मागं तोच फलक, आता भिंतीएवढा. बॅरिस्टर म्हणाले, छायाताई म्हणजे आमच्या चेंबर्सचा चेहरा. म्हणाले, कुटुंबातलं माणूस गेलं. म्हणाले, त्यांची अपुरी राहिलेली सगळी कामं चेंबर्स विनामूल्य पूर्णत्वाला नेईल, आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मग त्यांनी गयाबाईला वर बोलावलं. तिला सकाळीच गाडी पाठवून आणलं होतं. ‘छायाताईंनी न्याय मिळवून दिलेल्या असंख्य भगिनींच्या प्रतिनिधी’ म्हणून तिच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, फोटो काढला. न्याय तिला मिळालेला नव्हता. दावा चालू होता, विरुद्ध बाजूला शाल टाकणारेच होते, आणि दुसऱ्या रांगेत भगवान बसला होता. माझ्या शेजारच्या वकिलानं मला तो दाखवला. हॉलमध्ये आणखी किती जणांना हे माहीत असेल याचा मी अंदाज करत होते. वकीलमंडळी पुष्कळ होती, म्हणजे पुष्कळांना माहीत असणार. सगळे गंभीर चेहऱ्यानं बसले होते.

बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातात एक गुळगुळीत पुस्तिका दिली, ‘आमचे अलीकडील कार्य व समाजसंवाद’. छायाचे शिबिरातले फोटो तिच्यात होते. तिनं चेंबर्स सोडलं त्याचा उल्लेख कुठंच नव्हता. एकेका शिबिरासमोर लाभार्थ्यांचा आकडा दिला होता. त्यातलं एक गाव मला नीट माहीत आहे, आमच्या कंपनीचा विक्रेता तिथं आहे. आकडा त्या गावापेक्षा मोठा होता. शेळ्या-मेंढ्या धरल्या तरी बसत नव्हता. पुस्तिका वाटणाऱ्या वकिलाला मी विचारलं, हा कसा काढला? त्यानं न लाजता सांगितलं, “मॅडम, त्या दिवशी बाजार होता ना. लाउडस्पीकर होता. सगळ्यांनी ऐकलंच असेल.”

आठवड्याभरात गयाबाईचा फोन आला, शेजाऱ्याच्या मोबाइलवरून. “ताई, काळे कोटवाले आले हायेत. म्हनत्यात, छायाताईचं काम फुडं नेतो. कागदावर अंगठा मागून राह्यलेत. देऊ का?” मी म्हटलं, देऊ नका, त्यांना चहा द्या. मग मी बॅरिस्टरांना फोन केला आणि विचारलं की भावाचे वकील तुम्ही आणि बहिणीचेही तुम्हीच, हे कसं? ते जराही अडखळले नाहीत. गयाबाईकडं आलेला वकील आता स्वतंत्र काम करतो म्हणाले. फक्त आमच्या इमारतीत बसतो.

दुसरा वकील शोधायला मला वेळ लागला. ज्यांना विचारलं ते छायाबद्दल डोळ्यांत पाणी आणून बोलले आणि प्रकरण घेत नाही म्हणाले. शेवटी अंबडचे एक वयस्कर वकील तयार झाले. कमी बोलणारे. तोवर भगवानच्या बाजूनं प्रकरण लोकअदालतीत ठेवून घेतलं होतं, तडजोडीसाठी. तडजोड अशी होती, गयाबाईनं दावा काढून घ्यायचा, आणि भावानं तिला हयात असेपर्यंत खोलीत राहू द्यायचं. वाचायला बरं वाटतं. पण मी कागद शेवटपर्यंत वाचते. खाली ओळ होती, ‘सलोख्याने वागल्यास’. सलोखा मोजणार कोण? भाऊ. आज जी खोली ती माझी म्हणून मागते आहे, तिथं उद्यापासून ती भावाच्या मर्जीनं राहणार होती, आणि मर्जी कधी संपली हे त्यालाच ठरवायचं होतं. अंबडच्या वकिलांना मी तावातावानं हे सांगितलं. ते म्हणाले, मला दिसलं ते, पण ठरवायचं बाईंनी. मग कोर्टात जाईपर्यंत ऑटोत मी गयाबाईला सगळं सांगितलं. पुन्हा सांगितलं. ती बाहेर बघत होती. शेवटी म्हणाली, “ताई, तुमी बी वकीलच झाल्या की.” मी कागदाची घडी करून पिशवीत ठेवली.

कोर्टाच्या आवारात मांडव होता. चेंबर्सनी मदत कक्ष लावला होता, आणि त्या टेबलावर छायाचा हार घातलेला फोटो. खाली पुस्तिकांचा गठ्ठा. जिनं यांचं दार मागं लावून घेतलं, तिलाच यांनी टेबलावर बसवून गिऱ्हाईक बोलावायला ठेवलं होतं. मला तो फोटो उचलून पिशवीत घालावासा वाटला. घातला असता तर चोरी झाली असती. आत कोर्टाच्या खोलीत न्यायाधीश मॅडम प्रकरणं एकामागून एक घेत होत्या. गयाबाईचं नाव पुकारलं. एका बाजूला भगवान आणि बॅरिस्टर, दुसऱ्या बाजूला आम्ही. मागं फोटोवाला तयारीत होता. तडजोड झाली की बहीण-भावाचा फोटो घ्यायचा, असं ठरलेलं दिसत होतं. मॅडमनी कागद वाचून दाखवला आणि विचारलं, “बाई, हे तुम्हाला मान्य आहे?”

गयाबाईनं भावाकडं पाहिलं, मग मॅडमकडं. “साहेब, मला इचारायचं आसंल तर ह्याहिला भाईर थांबवा.”

“कोणाला?”

“समद्याला.”

भगवान म्हणाला, “आगं आक्का, मी काय परका हाय का?”

“न्हाईस म्हनूनच,” ती म्हणाली. “तुझ्यासमोर मला तोंडातून शब्द काढता येत न्हाई, भगवान. जा.”

बॅरिस्टर अदबीनं म्हणाले, अजून बरीच प्रकरणं आहेत, वेळ जाईल. मॅडमनी कागद बाजूला ठेवला आणि शिपायाला खूण केली. सगळे उठले. मी माझ्या जागी बसूनच होते. मी तर तिच्या बाजूची होते ना. गयाबाई माझ्याकडं वळली.

“मंदाताई, तुमी बी.”

शिपायानं दार ओढून घेतलं. व्हरांड्यात आम्ही सगळे उभे राहिलो, तिचा भाऊ, त्याचे वकील, तिचे वकील, मी. अंबडचे वकील खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिले. भगवान भिंतीला टेकून उकिडवा बसला. बऱ्याच वेळानं कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, “लहानपणी मला कडेवर घेऊन हिंडायची ती…” त्याचा मला राग होता, तो त्या वेळी थोडा कमी झाला. बॅरिस्टरांचा झाला नाही. ते घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. फोटोवाल्याला कळेना की कॅमेरा ठेवावा की धरावा. त्यानं बंद दाराकडं बोट केलं आणि विचारलं, “साहेब, ह्याचा काढू का?”

“दाराचं काय करायचंय?” बॅरिस्टर म्हणाले.

दार उघडलं. शिपायानं सांगितलं, तडजोड झाली नाही, नेहमीच्या कोर्टात चालेल, तारीख मिळेल. बॅरिस्टरांनी मान डोलावली आणि पुढच्या प्रकरणाचा कागद हातात घेतला. गयाबाई बाहेर आली, पदर सारखा केला. घसा कोरडा पडलाय म्हणाली. मी तिला आवारातल्या नळाकडं घेऊन गेले. ती ओंजळीनं पोटभर पाणी प्यायली, मग तोंडावर मारलं. दावा अजून उभा आहे, आणि ती अजून त्या खोलीत राहते आहे. आत ती काय बोलली, किती वेळ नुसती बसली, रडली की नाही, मला माहीत नाही. ऑटोत ती माझ्या शेजारी बसली होती, विचारायला वेळ भरपूर होता.

मी विचारलं नाही.